मामेभावाची दहावी आणि माझी एम-थ्री

एम-थ्रीची केटी घेऊन घरी गेलेल्या माणसाला हमखास ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "तू इंजिनिअरिंगला ना? मग जरा ह्याचं गणित बघ." मित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत धाटावला मामांकडे गेलो आणि सापडलो. मामेभाऊ दहावीला. सहामाहीत बीजगणितात ४० पैकी ९. मामा एमआयडीसीत केमिकल कंपनीत, शिफ्टला. त्यांनी सांगूनच टाकलेलं, गणितात उडालास तर कॉन्ट्रॅक्टरकडे चिकटवतो. आणि मामा बोलतात ते करतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक.

आधी वही मागितली. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. तिथेच मला संशय आला. सगळी गाईडमधून उतरवलेली! (आपली जर्नलं आठवा.) म्हटलं, पुस्तक मिट आणि हे सोडव : क्ष² = ५क्ष. त्याने दोन्ही बाजूंना क्षने भागलं, उत्तर ५. मग शून्य गेलं कुठे? शून्य घालून बघ, तेही चालतंय. क्ष शून्य असू शकतो, म्हणून त्याने भागायचंच नाही; सगळं एका बाजूला घेऊन क्ष(क्ष − ५) = ० करायचं. खरं सांगतो, ही चूक मीही एम-वनला केली आहे.

शाब्दिक उदाहरण दिसलं की तो पान उलटायचा. म्हणून एक तिथलंच बनवलं. संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ८ किमी. प्रवाहाविरुद्ध १५ किमी जाऊन तेवढंच परत यायला एकूण ४ तास लागले, तर प्रवाहाचा वेग किती?

"सूत्र कोणतं लावू, दादा?"

"सूत्र राहू दे. कुंडलिकेत होडी वर जाताना कशी जाते?"

"हळू. पाणी मागं ढकलतं ना."

झालं की! कोलाडला भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी सुटल्यावर राफ्टिंग चालतं, ते पाहिलेल्या पोराला हे काय शिकवायचं? प्रवाह क्ष मानला तर जाताना वेग ८ − क्ष, येताना ८ + क्ष. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग.

१५/(८ − क्ष) + १५/(८ + क्ष) = ४

छेद सारखे केले की २४० = ४(६४ − क्ष²), म्हणजे क्ष² = ४. क्ष २ किंवा −२. वेग ऋण नसतो म्हणून −२ सोडायचं, आणि का सोडलं ते लिहायचं. मग ताळा : जाताना ताशी ६ ने अडीच तास, येताना १० ने दीड तास, एकूण ४. पहिल्यांदाच त्याला कुणालाही न विचारता कळलं, की उत्तर बरोबर आहे.

आता पेपरचा हिशोब. मार्च २०१९ पासूनच्या आराखड्यात भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० मार्कांचे, वेळ दोन-दोन तास, वर २० अंतर्गत. म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. तो सगळा वेळ चार मार्कांच्या प्रश्नात घालवायचा. दर पेपरात रिकाम्या चौकटींच्या कृती ७ मार्कांच्या असतात. त्या तयार पायऱ्या आहेत, पण गाईड उतरवणाऱ्याला पायरी कुठून आली हेच माहीत नसतं. भूमितीत प्रमेय पाठ न करता आकृती स्वतः काढायची, एवढंच सांगतो. त्यात माझाही हात कच्चा आहे. आणि कॅल्क्युलेटर नाही! २८९ चं वर्गमूळ काढताना माझा हात खिशाकडे गेला, तेव्हा पोरगं हसलं.

वेळापत्रक मामांच्या शिफ्टवर बसवलं. मामा नाइट करून दिवसा झोपले की घरात टीव्ही बंद, तेव्हा नवीन धडा. सेकंड शिफ्टला गेले की संध्याकाळी घड्याळ लावून दोन तासांची प्रश्नपत्रिका. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात फक्त चुकांची वही : चुकलेलं उदाहरण, कुठली पायरी चुकली ते, आणि चार दिवसांनी तेच पुन्हा कोऱ्या कागदावर.

पूर्वपरीक्षेत बीजगणितात १९ आले. मामा काही बोलले नाहीत, पण कॉन्ट्रॅक्टरचा विषय सध्या बंद आहे. बोर्ड व्हायचं आहे. परवा त्याचा फोन आला, "दादा, तुझी एम-थ्री सुटली का?"

चुकांची वही मीही घातली आहे. लाप्लासची पंधरा पानं झाली.

— तृतीय वर्ष, केमिकल