टिकाऊ टायर म्हणजे नेमकं काय? फोर बाय फोर गाडी, खर्डीचे रस्ते आणि आठवीचं गणित



पावसाळा तोंडावर आला की गाडीचे टायर बदलायचा विषय घरात निघतोच. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ अशा फोर बाय फोर गाड्या आता आपल्या शहापूर-मुरबाड भागातही दिसतात. दुकानात गेलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सगळ्यात जास्त टिकणारा टायर कोणता?" दुकानदार कुठल्यातरी कंपनीचं नाव सांगतो आणि आपण घेऊन येतो. खरं तर या प्रश्नाचं उत्तर आपल्याला स्वतःला काढता येतं. त्यासाठी सातवी-आठवीचं गणित आणि विज्ञान पुरेसं आहे. म्हणून आजचा पाठ टायरवर.

१) आधी आपला रस्ता ओळखा

खर्डी मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. वर कसारा घाट, खाली शहापूर. मुरबाडच्या बाजूला गेलं तर माळशेज घाट. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो, तिथे कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. आणि महामार्ग सोडून पाड्यांकडे वळलं की लाल माती, खडी आणि चिखल. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो, तेव्हा चांगला रस्ताही साबण लावल्यासारखा निसरडा होतो.

दुकानात मुख्यतः तीन प्रकारचे टायर मिळतात.

• हायवे टेरेन (एच-टी) : डांबरी रस्त्यासाठी. आवाज कमी, झीज सावकाश.
• ऑल टेरेन (ए-टी) : डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी. खाचा जरा मोठ्या.
• मड टेरेन (एम-टी) : चिखलासाठी. मोठमोठ्या गोट्या. डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते.

एम-टी टायर दिसायला दणकट असतो, म्हणून अनेकांना तोच टिकाऊ वाटतो. पण महिनाभराचा प्रवास वहीत लिहून पाहा. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर होत असतील, तर एच-टी किंवा सौम्य ए-टी टायरच आपल्या कामाचा. रोज शेतातून, ओढ्यातून गाडी काढावी लागत असेल तरच एम-टीचा विचार करा.

२) फोर बाय फोर काय करते आणि काय करत नाही

हा मुद्दा मुलांना आणि मोठ्यांनाही नीट समजावून सांगायला हवा. फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. त्यामुळे गाडी चिखलातून निघते, चढ चढते. पण थांबताना याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. कसारा घाट उतरताना भर पावसात पुढचा ट्रक अचानक थांबला, तर आपली गाडी थांबवणार आहेत ते चार टायर. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. घरातली सगळी माणसं तेवढ्या चार तळहातांच्या भरवशावर असतात.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारं अंतर सुमारे चौपट होतं. टायरच्या खाचा पाणी बाजूला काढतात. खाचा उथळ झाल्या की वेगात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी त्या पाण्यावरून घसरत जाते. तिथे फोर बाय फोर असून काही फायदा होत नाही.

म्हणून आपल्या भागासाठी टिकाऊपणाची व्याख्या अशी करू या : ओल्या रस्त्यावरची पकड जो टायर जास्त काळ सांभाळतो, तो टिकाऊ. नुसते किलोमीटर मोजून चालणार नाही.

३) टायरवर काय लिहिलंय ते वाचा

मारुती जिम्नीच्या टायरचं माप १९५/८० आर १५ असं असतं. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिमी. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. मापापुढे ९६ एस असं लिहिलेलं असेल, तर ९६ हा भार-अंक आहे (एका टायरला ७१० किलो) आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर ही वेगमर्यादा. नवा टायर घेताना भार-अंक कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चार आकडी तारीख. २३२५ असं असेल तर टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. दुकानात न वापरता पडून असलेल्या टायरचं रबरसुद्धा हळूहळू कडक होतं. तेव्हा पैसे देण्याआधी प्रत्येक टायरवरची तारीख स्वतः वाचा. आयएसआय खूणही बघा.

४) किलोमीटरचं गणित

समजा 'अ' टायर ६,००० रुपयांचा आहे आणि ३०,००० किमी चालतो. 'ब' टायर ८,००० रुपयांचा आहे आणि ५०,००० किमी चालतो.

अ : ६,००० ÷ ३०,००० = २० पैसे प्रति किमी
ब : ८,००० ÷ ५०,००० = १६ पैसे प्रति किमी

'ब' स्वस्त दिसतो. वर्षाला १२,००० किमी गाडी चालणाऱ्या घरासाठी तो खरंच स्वस्त आहे, चार वर्षांत जवळजवळ पूर्ण वापरला जाईल.

पण ज्यांची गाडी वर्षाला फक्त ६,००० किमी चालते त्यांचं काय? त्यांना 'ब' टायर संपवायला आठ वर्षांहून जास्त लागतील. तोपर्यंत खाचा शिल्लक असतील, पण रबर कडक होऊन पकड कमी झालेली असेल, बाजूला बारीक तडे दिसू लागतील. त्यांनी तो सहा वर्षांनी बदलला तर वापर झाला ३६,००० किमी, म्हणजे किलोमीटरला सुमारे २२ पैसे. 'अ' टायर मात्र पाच वर्षांत पूर्ण वापरून २० पैशांतच पडतो. कमी चालणाऱ्या गाडीला महागडा, जास्त किलोमीटरचा टायर उलट महाग पडला! म्हणून "किती टिकतो?" याच्या आधी "माझी गाडी वर्षाला किती चालते?" हे विचारा.

५) चारही टायर सारखे का हवेत?

जिम्नीच्या टायरचा व्यास काढू. रिम १५ × २५.४ = ३८१ मिमी. दोन्ही बाजूंच्या भिंती १५६ × २ = ३१२ मिमी. एकूण ६९३ मिमी. परीघ = ३.१४ × ६९३ = सुमारे २,१७६ मिमी.

आता एका टायरच्या खाचा ८ मिमी आणि दुसऱ्याच्या झिजून ३ मिमी झाल्या आहेत. त्रिज्येत फरक ५ मिमी, व्यासात १० मिमी, परिघात सुमारे ३१ मिमी. नवा टायर एका किलोमीटरला सुमारे ४६० फेऱ्या घेतो, झिजलेला ४६६. सहा-सात फेऱ्यांचा हा फरक फोर बाय फोर चालू असताना गिअर आणि जोडणीच्या भागांवर ताण देतो. म्हणून एकच टायर किंवा वेगळ्या मापाचा टायर बसवू नये. चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर तिलाही अदलाबदलीत घ्या.

६) टायर टिकवणं आपल्या हातात

• हवा पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. हवा कमी असेल तर टायरच्या कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग.
• दर ८ ते १० हजार किमीला टायरची अदलाबदल करा आणि अलाइनमेंट तपासून घ्या. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तर लगेच.
• कायद्याने कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आपल्या पावसाचा विचार करता ३ मिमी उरल्यावरच बदलणं शहाणपणाचं.

समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली होती आणि झिजलेले टायर असलेल्या गाड्यांना परत पाठवलं होतं. ही तपासणी आपण जून उजाडण्याआधी आपल्या अंगणात करू शकतो.

वर्गासाठी उपक्रम

१. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरवरची तारीख मुलांकडून वाचून घ्या. प्रत्येक टायरचं वय काढा, मग सरासरी.
२. काडेपेटीतली काडी खाचेत उभी धरा, नखाने खूण करा आणि पट्टीने मोजा. ३ मिमीपेक्षा कमी खाच असलेल्या गाड्यांची यादी करा.
३. घरच्या गाडीचा किंवा दुचाकीचा महिन्याचा प्रवास लिहा आणि टायरचा प्रति किमी खर्च काढा. (दुचाकीच्या टायरचं माप वेगळं असतं, ते टायरवरूनच वाचा.)

पालकहो, दुसऱ्या उपक्रमाची यादी मुलं घरी घेऊन आली आणि तीत आपल्या गाडीचं नाव असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. घाटातला पहिला मोठा पाऊस पडायच्या आत टायर बदलून घ्या.