घाण पाण्याचे जळण

कोळशाची भुकटी उरली की घरातल्या बायका काय करीत, आठवते ना? भुकटीत शेणमाती कालवायची, गोळे करायचे, उन्हात वाळवायचे. ते शेगडीत चालत. भुकटी फुकट जात नसे.

कारखान्यातही असेच एक कालवण करतात. त्याला स्लरी म्हणतात. गोबर गॅसच्या टाकीतून निघते ती शेणाची स्लरी, ही कोळशाची. दगडी कोळसा पिठासारखा दळतात. ६० ते ७० भाग कोळसा, बाकी पाणी. कोळसा तळाशी बसू नये म्हणून थोडे औषध घालतात. आंबोळीच्या पिठासारखे हे दाट कालवण पंपाने भट्टीपर्यंत जाते. तिथे तेल फवारावे तसे ते फवारतात.

ओला कोळसा पेटेल कसा? आम्हांला तर हे प्रथम खोटेच वाटले. पण भट्टी आधीच लाल तापलेली असते. थेंब आत गेला की पाण्याची वाफ होते आणि कोळसा पेट घेतो. वाफ होण्यात थोडी उष्णता जाते खरी. तेवढा तोटा धरावाच लागतो.

गंमत पुढेच आहे. या कालवणाला स्वच्छ पाणीच हवे असे नाही. चीनमध्ये कोळशापासून रसायने करणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी त्यात घालतात. त्या पाण्यात तेलकट घाण असते, फिनॉलसारखे विष असते. ते शुद्ध करणे महाग पडते. भट्टीत ते जळून जाते. १०० किलो कालवणात ३५ किलो सांडपाणी गेले, तर नदीचे तेवढे चांगले पाणी वाचले.

आपल्याला हे कशाला? नागोठण्याला प्लॅस्टिकचा कच्चा माल करणारा मोठा कारखाना आहे. खाली धरमतरला डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा उतरतो. मधून आपली अंबा नदी वाहते. उद्या कोणी अशी भट्टी आणतो म्हणाला, तर लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. पाण्यात काय आहे ते आधी विचारा. तेल जळते. पारा, शिसे जळून नाहीसे होत नाही. ते धुरात नाहीतर राखेत उतरते. गंधक असेल तर धूर विषारी होतो. नदीची घाण धुराड्यातून घरावर आली, तर मिळवले काय?

पुष्कळ मोठ्या प्रकल्पांआधी जनसुनावणी होते. तिथे पाण्याच्या तपासणीचा कागद मागा आणि स्वतः वाचा. राख कोठे टाकणार, हेही विचारा. राखेचा ढीग उघडा राहिला, तर आपल्याकडच्या पावसात तो वाहत अंबेतच येईल.