ट्रान्सफॉर्मर मोठा घेताय, मग ब्रेकरही बघ

अगं, सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर ३१५ वरून ६३० केव्हीएचा होतोय, हे ऐकून खूप बरं वाटलं. गाड्यांच्या चार्जरसाठी सेक्रेटरी म्हणून तू किती खेटे घातलेस, ते ठाऊक आहे मला. पण एक गोष्ट वेळेत कानावर घालते. मीटिंगमध्ये सगळे लोडचं बोलतील, फॉल्टचा विषय तुलाच काढावा लागेल.

ट्रान्सफॉर्मर मोठा झाला की शॉर्ट सर्किटमध्ये वाहणारा करंटही वाढतो. हिशेब सोपा आहे. ४३३ व्होल्टला ३१५ केव्हीएचा फुल लोड करंट ४२० अँपिअर. नेमप्लेटवर इम्पीडन्स साडेचार टक्के असेल, तर ४२० ला ०.०४५ने भाग. ट्रान्सफॉर्मरपाशी फॉल्ट करंट आला साधारण ९.३ किलोअँपिअर. टक्केवारी तीच ठेवून ६३०चा काढ, १८.७ येईल.

आता इलेक्ट्रिशियनला घेऊन मेन पॅनेलपाशी जा. विंगकडे जाणाऱ्या जुन्या ब्रेकरवर अँपिअरचा आकडा ठळक दिसेल. जवळच बारीक अक्षरात किलोअँपिअरचा असेल, तो वाच. एवढाच फॉल्ट तो सुरक्षितपणे तोडू शकतो. तिथे १० असेल, तर आजवर निभावलं, यापुढे नाही. असा ब्रेकर फॉल्ट तोडताना फुटू शकतो, समोर वायरमन उभा असला तरी. बसबारचे आधारही तपासून घे, कारण करंट दुप्पट झाला की त्यांच्यावरचा झटका चौपट होतो.

घाबरू नकोस, सगळं बदलावं लागत नाही. केबलच्या लांबीने फॉल्ट करंट घटतो, त्यामुळे फ्लॅटमधले एमसीबी बहुधा तसेच चालतात. प्रत्येक पॅनेलचा आकडा कन्सल्टंटकडून लेखी घे. जिथे कमी पडतं तिथे २५ किलोअँपिअरचे ब्रेकर बसव. मागे एचआरसी फ्यूज घालून जुनाच ब्रेकर वाचवायचा म्हणाले, तर ती जोडी कंपनीने तपासलेली आहे ना, ते विचार. ऑर्डर अजून गेली नसेल, तर सहा टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर मिळतो का पाहा. फॉल्ट १४वर येतो, फक्त लोडवर व्होल्टेज थोडं जास्त पडतं.

कुणीतरी म्हणेलच, "ब्रेकर चांगले चालतायत, कशाला खर्च?" शांतपणे सांग, इतकी वर्षं त्यांनी लोड वाहिलाय, एवढा मोठा फॉल्ट कधी तोडलेला नाही. आणि बाळा, पॅनेलचं काम पुरं होऊन इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची मंजुरी हातात येईपर्यंत ट्रान्सफॉर्मर चार्ज करू देऊ नकोस.