घरचे शिक्षण आणि मुलांचा सहवास



मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले तर ख्रिस्तसभेला ते चालते का, असा प्रश्न अलीकडे आम्हांला वरचेवर विचारला जातो. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे शाळा बंद होत्या. त्या काळात पुष्कळ आईवडील मुलांना घेऊन घरी अभ्यासाला बसले आणि हे आपल्याला जमते असे काहींच्या लक्षात आले. कुणाच्या मुलाला शाळेत त्रास होत होता, कुणाचे मूल वर्गाच्या पुढे होते, कुणाचे मागे. दुसरीकडे घरातील आजी-आजोबा म्हणतात, "पोर एकलकोंडे होईल." मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन्ही बाजू आमच्या कानी येतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडील होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात सांगितले आहे. १९८३ च्या धर्मविधानसंहितेनेही शिक्षण हे पालकांचे कर्तव्य व हक्क मानले असून शाळेला त्यांची मुख्य मदतनीस म्हटले आहे. मदतनीस महत्त्वाची खरीच, पण जबाबदारी आईवडिलांची. तेव्हा घरी शिकवणाऱ्या पालकांनी काही पाप केले आहे असे कुणी समजू नये.

देशाच्या कायद्याची बाजू मात्र पालकांनी नीट समजून घ्यावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. तसे न करणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही, पण घरच्या शिक्षणासाठी वेगळी तरतूदही नाही. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे. तेथे दहावीला बसण्यासाठी वयाची किमान १४ वर्षे पूर्ण असावी लागतात.

आता दुसरा प्रश्न, सहवासाचा. तो अधिक अवघड आहे. महासभेचा तोच जाहीरनामा कुटुंबाला सामाजिक सद्गुणांची पहिली शाळा म्हणतो आणि कुटुंबानेच मुलाला हळूहळू इतर माणसांच्या व देवाच्या प्रजेच्या सहवासात न्यावे असेही सांगतो. पालकांचा हक्क सांगताना आपण हा भाग बहुधा विसरतो.

संत थॉमस अक्वायनस यांची एक उपमा येथे उपयोगी पडेल. परधर्मीय आईवडिलांच्या लहान मुलाला त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देऊ नये हे पटवताना ते म्हणतात की, समज येईपर्यंत मूल आईवडिलांच्या छायेत जणू एका आध्यात्मिक उदरात असते. तेराव्या शतकात पालकांच्या हक्काची एवढी कदर केलेली पाहून आजही नवल वाटते. पण उदरात मूल असते ते जन्म घेण्यासाठी. दिवस भरल्यावरही मूल आतच राहिले तर डॉक्टर काळजीत पडतात!

नाझरेथच्या घरात हेच दिसते. प्रभू येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमहून परतताना मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, तरी मूल बरोबर नाही हे त्यांच्या लक्षात आले नाही. यात्रेकरूंच्या तांड्यात नातेवाईक व ओळखीच्या लोकांबरोबर तो असेल असे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणजे हा मुलगा नेहमीच आईच्या डोळ्यांसमोर नसे, दहा घरच्या माणसांत तो सहज मिसळत असे. पुढे तो सापडला तोही गुरुजनांमध्ये बसलेला, ऐकत आणि प्रश्न विचारत.

याउलट बाळ येशूच्या संत तेरेजाची गोष्ट पाहा. चार वर्षांची असताना, १८७७ साली, तिची आई वारली. फ्रान्समधील लिझ्यू गावी तिची थोरली बहीण पोलीन तिला घरीच शिकवू लागली. घर मायेने भरलेले, अभ्यास उत्तम. ऑक्टोबर १८८१ मध्ये, साडेआठ वर्षांची असताना, ती बेनेडिक्टाईन भगिनींच्या शाळेत गेली. अभ्यासात ती इतकी पुढे होती की तिला मोठ्या मुलींच्या वर्गात बसवले. तेथे एका मोठ्या मुलीने मत्सरापोटी तिचा छळ केला. इतर मुलींसारखे खेळणे तेरेजाला जमेना. सुट्टीत ती बाजूला राही आणि घरी काही सांगत नसे. ही वर्षे आयुष्यातील सर्वांत दुःखाची होती असे तिने आत्मचरित्रात लिहिले आहे. अखेर १८८६ साली वडिलांनी तिला शाळेतून काढले.

घरच्या शिक्षणामुळे असे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. आईचा मृत्यू होता, तिचा हळवा स्वभाव होता, शाळेचेही चुकले असेल. पण एक गोष्ट घरात तिला मिळाली नव्हती: आपल्यावर प्रेम न करणाऱ्या माणसाशेजारी रोज बसण्याची सवय. ती तिने पुढे कार्मेल मठात कष्टाने मिळवली. कपडे धुताना समोरची भगिनी घाणेरड्या पाण्याचे शिंतोडे उडवी, तेव्हा तेरेजा मागे सरत नसे. जी भगिनी मुळीच आवडत नसे तिच्याशी ती हसून वागे.

म्हणून घरी शिकवणाऱ्या पालकांना आमचे सांगणे एवढेच आहे. मूल किती मुलांना भेटते हे मोजू नका. त्यांतली किती तुम्ही निवडलेली नाहीत, हे पाहा. कराटेचा वर्ग, पोहणे, शनिवारी आपल्यासारख्याच दुसऱ्या कुटुंबाकडे जाणे हे सारे चांगले. पण तेथे बहुतेक सोबत आईनेच पारखलेली असते आणि पटले नाही तर वर्ग बदलता येतो. शाळेच्या बाकावर शेजारी कोण बसणार हे बाई ठरवतात. काल ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याकडेच आज खोडरबर मागावे लागते. हिंदू, मुसलमान मुलांच्या डब्यातले खाणे तेथेच होते. हे घरी घडवायचे तर मुद्दाम वेळ द्यावा लागतो. वाडीतल्या मुलांत त्याला रोज संध्याकाळी खेळू द्या. भांडण झाले तर लगेच सोडवायला धावू नका. एखादा गट धरला तर निदान वर्षभर सोडू नका.

आणि ज्यांची मुले शाळेत जातात त्यांनीही निश्चिंत राहू नये. साठ मुलांच्या वर्गात एकटे पडलेले मूल असू शकते, तेरेजाच्या घरीही कुणाला कळले नव्हते. दुसरे असे की घरी शिकणारे मूल चर्चच्या आवारात दिसले की त्याला सतराचा पाढा म्हणायला लावू नये. हा प्रकार आम्ही पाहिला आहे. परीक्षा घेणारी मोठी माणसे त्याला पुरेशी असतात. त्याला गरज असते ती "चल, खेळायला येतोस का?" म्हणणाऱ्या मुलाची.

धर्मग्राम म्हणून आपल्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. वेदीसेवकांत कोण कुणाबरोबर उभा राहील हे आईवडील ठरवत नाहीत. गायनमंडळात बेसूर गाणाऱ्याशेजारीही उभे राहावे लागते. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजारी व वृद्धांना भेटायला जातात, त्यांच्यासोबत मुलाला पाठवता येईल. लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेला मुलांनाही आणावे, कंटाळली तरी चालतील.

धर्मशिक्षणाच्या वर्गाबाबत काही पालकांचा गैरसमज झालेला दिसतो. प्रथम कम्युनियनच्या तयारीसाठी नाव देताना आम्ही बाप्तिस्म्याचा दाखला मागतो. शाळेचा दाखला लागत नाही.