विहिरीत पोहणाऱ्यांनी समुद्रावर जाताना

आमच्याकडे शेतकरी नवरा-बायको जोडीनं गावाबाहेर पडतात ते लग्नाला, दहाव्याला, दवाखान्यात नाहीतर देवाला. नुसतं फिरायला कुणी निघालं की गाव विचारतं, "शेत कुणाच्या भरवशावर टाकलं?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्या प्रश्नाच्या धाकानं माणसं जन्मभर उंबऱ्याशी बांधली जातात, त्यातही बाई जास्त. सोयाबीन सरलं की कापूस, कापूस सरला की तूर, आणि रोजचं दूध, शेण, भाकरी तर चुकतच नाही. मागच्या माघात मालक आणि मी गणपतीपुळ्याला जाऊन आलो. शेतकऱ्यानं बायकोला घेऊन असं जावंच, या मताची मी आहे. मात्र जाण्याआधी काय बघावं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते इतरांना कळावं म्हणून हे लिहिते.

आमचं शिवार मानवत तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. जमीन काळी, भारी. हिवाळ्यात आम्हाला उसंत अशी नसतेच, पण जानेवारीच्या अखेरीला एक फट सापडते. तुरीची रास घरात आलेली असते, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, ज्वारीचा दाणा भरत असतो आणि हरभऱ्याच्या काढणीला अजून अवकाश असतो. त्याआधी निघालं तर तूर शेतात उभी. उशीर केला तर हरभरा, गहू, ज्वारी एकदमच अंगावर येतात. ज्यांचा ऊस आहे त्यांनी तोडीची टोळी कधी येणार हे कळल्याशिवाय तिकीट काढू नये. तुरीचे कट्टे बंद घरात ठेवून तर निघूच नये. विकायची नसेल तर वखार महामंडळाच्या गोदामात ठेवावी. सातबारा दाखवला की शेतकऱ्याला भाड्यात 50 टक्के सवलत मिळते.

आता शेताचं सांगते, कारण पैशाचा फटका तिथं बसला. शेत आम्ही भावकीतल्या एका पोराच्या हवाली केलं होतं. पोरगं कष्टाळू, मनानं निर्मळ. त्याला सांगितलं होतं की गव्हाला पाणी दे. त्यानं दिलंही. पण त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट होती आणि स्टार्टरच्या पेटीतला ऑटो स्विच चालू होता. मध्यरात्री लाइट आली, मोटार आपोआप सुरू झाली, आणि हरभऱ्याकडचा कॉक उघडा असल्यामुळं पहाटेपर्यंत सगळं पाणी तिकडं गेलं. पोरगं घरी झोपलेलं. त्याला तरी काय बोलायचं?

हरभऱ्याला फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक अशी दोन हलकी पाणी पुरतात. भारी जमिनीत पाणी तुंबलं की तो उभळतो. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि झाड उभ्या जागी वाळतं. आम्ही परतलो तेव्हा चढाकडचा हरभरा हिरवागार होता आणि सखल कोपऱ्यातला सगळा तुकडा पिवळा. मालकांनी एक झाड उपटलं. मुळीची साल बोटाबरोबर सुटून आली. घाटा फोडला तर आत दाणा मुगाएवढा, तोही चिंबलेला. त्या तुकड्याचं उत्पन्न त्या वर्षी गेलं ते गेलंच.

म्हणून निघण्याआधी ज्याच्यावर भार टाकायचा त्याला बांधाबांधानं फिरवा. कोणता कॉक कुठल्या रानाचा हे त्याच्याच हातानं उघडून-मिटून दाखवा. ऑटो स्विच बंद करा. त्या आठवड्यात लाइट दिवसाची आहे की रात्रीची, कालव्याची पाळी कधी सुटणार, हे कागदावर लिहून तो कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवा. आणि अडचण आली तर निर्णय कुणी घ्यायचा, ते एकच नाव ठरवा. दोघातिघांना सांगितलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं पाहिलं असेल. रानडुकरं किंवा हरणं रानात पडली तर फोटो काढून वन विभागाकडं अर्ज त्यानंच लगेच करायचा, हेही बोलून ठेवा. आपण परत येईपर्यंत पंचनामा थांबत नाही.

गाईचं वेगळंच असतं. परक्या हाताला ती पान्हा चोरते, आणि दूध कासेत राहिलं की दगडीची भीती. माझ्या जावेला मी आधीचे काही दिवस धारेला शेजारी बसवलं, मग हळूहळू तिच्या हातात दिलं. पेंड ठेवायची बादलीसुद्धा बदलू दिली नाही. गाईचं दूध थोडं आटलं, पण कासेला काही झालं नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. परभणीहून पंढरपूर, मिरजमार्गे कोल्हापूरला थेट रेल्वे आहे, पण ती रोज नाही, वार बघूनच बेत करावा. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून एसटी रत्नागिरीला जाते आणि तिथून गणपतीपुळे सुमारे 25 किलोमीटर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला. परभणीच्या थंडीच्या हिशेबानं घेतलेल्या घोंगड्या तिथं नुसतं ओझं ठरल्या. जानेवारीतही कोकणात दुपारी घाम फुटतो.

खोलीसाठी अनोळखी माणसाला फोनवरून पैसे पाठवू नयेत. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं फोटो बघून आगाऊ रक्कम भरली आणि पोचल्यावर त्या पत्त्यावर तसलं घरच नव्हतं. एमटीडीसीचं निवासस्थान किंवा देवस्थानचं भक्तनिवास बघावं, किंवा आधी जाऊन आलेल्या कुणाकडून घरगुती खोलीचा नंबर घ्यावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. तासाभराच्या आत 1930 वर फोन केला तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते.

पुळ्याचा गणपती म्हणजे तो डोंगरच, अशी श्रद्धा आहे. म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालतात, साधारण एक किलोमीटरची. देऊळ पश्चिमेला तोंड करून आणि समोर लगेच समुद्र. माघी जयंतीची गर्दी ओसरावी म्हणून आम्ही पंचमीला पोचलो होतो. दर्शन झालं, प्रदक्षिणा झाली, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळे उतरत होते तसे मालक पाण्यात उतरले.

मालक पोहणारे आहेत. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत टाकलेलं पोर ते. अजूनही मोटारीचा फूटबॉल अडकला तर बुडी मारून काढतात. गावात पोहणारा म्हणून नाव. तेच नाव समुद्रात घातक ठरतं. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, त्यात माणूस जाईल तिकडं जातो. समुद्राचं पाणी स्वतः चालतं. मालक छातीइतक्या पाण्यात होते. एक लाट आली, तिनं त्यांना उचललं, आणि ती परतताना पायाखालची वाळू निघून गेली. मग पाय टेकेचनात. त्यांनी किनाऱ्याकडं हात मारायला सुरुवात केली. मी वाळूवरून बघत होते. हात चालत होते, माणूस जवळ येत नव्हता. उलट डोकं लहान होत चाललं होतं.

जीवरक्षकाची शिट्टी वाजली. तो धावत पाण्याच्या कडेला आला आणि दोन्ही हात बाजूला फिरवत ओरडायला लागला, "आडवे या, आडवे!" मालकांनी ऐकलं, हेच नशीब. ते किनाऱ्याला समांतर पोहत गेले आणि बऱ्याच लांब, जिथं लाटा फुटत होत्या, तिथं त्या लाटांनीच त्यांना वाळूवर आणून टाकलं. मी पळत गेले. ओठ काळेनिळे, हाताची बोटं थरथरत होती. पहिलं वाक्य बोलले ते असं, "पाणी धरूच देईना."

दुसऱ्या दिवशी त्या जीवरक्षकानं आम्हाला बसवून समजावलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरानं आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत आणि उतरायला बरी वाटते. तिथं सापडलेला माणूस किनाऱ्याकडं सरळ पोहत राहिला तर दमतो, आणि दमला की बुडतो. घाबरून झुंजू नये, अंग तरंगतं ठेवावं, आडवं पोहत पट्ट्याच्या बाहेर यावं. किनाऱ्यावरच्यांनी वाचवायला उडी घालू नये. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा, जीवरक्षकाला हाक मारावी, 112 लावावा.

भरती-ओहोटीचा हिशेब मला तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईनं सांगितला. तो आपल्या माणसांना सहज जमेल, कारण भिंतीवरचं कॅलेंडर आपण तिथीसाठीच बघतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. चतुर्थीचे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास भरती पूर्ण, आणि पुढं साधारण सहा तास ओहोटी. पाऊणकी पाठ असलेल्या जुन्या माणसांना तर हे तोंडावर येईल. वेळ अगदी घड्याळाच्या काट्यावर येत नाही, पण अंदाज पक्का मिळतो.

आता हा हिशेब पुळ्याला लावून बघा. गणपतीच्या गावी गर्दी होते ती चतुर्थीला, संकष्टीला, आणि तिच्या पुढच्या-मागच्या दिवशी. दर्शन करून, जेवून, ऊन उतरल्यावर लोक पाण्यात जातात ते पाच-सहा वाजता. नेमकी तेव्हाच ओहोटी निम्म्यावर आलेली असते आणि पाणी सगळ्यात वेगानं मागं हटत असतं. पंचमीला भरती पावणेचारला पूर्ण झाली होती, आणि मालक सहाला उतरले होते.

हिवाळ्यात समुद्र शांत असतो म्हणून धोका नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडून गेले. तेव्हाही पावसाळा नव्हता.

बायांना एक वेगळं सांगायचं आहे. साडी भिजली की ती पायांना गुंडाळते आणि पाऊल उचलत नाही. चार जणी हातात हात घालून उतरतात, एकीचा पाय सुटला की साखळी सगळ्यांना ओढते. घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. ओल्या वाळूवर उभं राहिलं तरी लाट पायावरून जाते, आणि खरं सांगते, तेवढ्यानंही जीव भरून येतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही लगेच परत फिरलो नाही, याचं मला समाधान आहे. दुसऱ्या दिवशी मालगुंडच्या वाटेवर एका बागायतदारानं हाक मारून बसवलं. आंब्याला मोहोर आलेला, आणि तो आभाळाकडं बघत होता, ढग आले तर तुडतुडे आणि भुरी येईल म्हणून. आम्हालाही ढगाळ हवा म्हणजे हरभऱ्यावर घाटेअळी. दोघांची बोलणी जेवणवेळेपर्यंत सरेनात. इतक्या लांब येऊन मालक पुन्हा शेतीचंच बोलले, पण कर्ज, खत आणि बाजारभाव सोडून शेतीबद्दल इतकं मोकळं बोलताना मी त्यांना कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

तेव्हा बायांनो, तूर घरात आली की तुम्हीच कॅलेंडर काढा, तिथी बघा आणि तारीख ठरवा. मालकांनी पुढच्या वर्षी म्हटलं तर ऐकू नका. आणि भाऊलोकांनो, तुम्ही विहिरीत कितीही पोहत असा, समुद्रावर जीवरक्षकाच्या पहिल्याच शिट्टीला पाण्याबाहेर या.