संतपूरहून नाटक महोत्सवाला नेताना

आमच्या भागात नाटक म्हणजे जत्रेतलं नाटक. संतपूर, औराद, भालकी, तिकडे उदगीर-देवणी, कुठंही जा, रीत एकच. जेवणं उरकून लोक चादरी, घोंगड्या घेऊन येतात. दहाची वेळ सांगितलेली असते, पडदा साडेअकराला उघडतो. मधेच कुणी नटाला बक्षीस लावतं, त्याचं नाव माइकवर पुकारावं लागतं, मग प्रवेश जिथं थांबला तिथून पुढं. या रीतीत वाढलेल्या नटाची छाती मोठी असते, आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो आणि काही बिघडलं तरी तो डगमगत नाही. महोत्सवात हे सगळं उपयोगी पडतं. फक्त घड्याळाशी त्याची कधी गाठ पडलेली नसते, आणि महोत्सव चालतो तो घड्याळावर.

अलीकडे कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातली बरीच पोरं एकांकिका बसवतात, मोठ्या कलामहोत्सवांसाठी अर्ज भरतात आणि निवड झाली की आमच्याकडे विचारायला येतात. त्यांना तोंडी जे सांगतो ते इथं लिहितो आहे, कारण आमच्या संचावर जे गुदरलं ते त्यांच्यावर गुदरू नये असं मनापासून वाटतं.

नाटक आमचंच लिहिलेलं होतं. औराद तालुक्यातून कामासाठी हैदराबादला गेलेलं एक कुटुंब, गावात मागं राहिलेली म्हातारी आणि कुलूप लागलेलं घर, एवढाच विषय. महोत्सव महाराष्ट्राबाहेरच्या एका महानगरात होता. नाव घेत नाही, कारण सांगायचं आहे ते तिथल्या माणसांविषयी नाही. आम्हाला मिळालेली वेळ एक तास, तीत सेट लावणं आणि काढणंही आलं. तालमीत नाटक पंचेचाळीस मिनिटांत बसत होतं. कागदावर सगळं ठीक होतं.

आमच्या आधी एका बँडचा कार्यक्रम होता. तो रंगला आणि लांबला. दुपारची तांत्रिक तालीम त्यांच्याच साउंड चेकमध्ये गेली होती, त्यामुळं दिवे कुठं आहेत हेही आम्ही पहिल्यांदा विंगेत उभं राहूनच पाहत होतो. ड्रमचे चौथरे अजून रंगमंचावर असतानाच संयोजनातली एक मुलगी आली आणि म्हणाली, "अंकल, अब आपके पास पैंतीस मिनट हैं।" तिच्या हातात वेळापत्रक होतं, आमच्या मागं आणखी एक संच उभा होता. वाद घालण्यात तीही मिनिटं गेली असती.

आमच्यातले सगळ्यात जुने नट, ज्यांना सगळा संच मामा म्हणतो, त्यांनी विंगेतच मांडी घातली. "काय करूलालाव बे, भिंत ऱ्हाऊ द्या. कंदील घ्या," एवढंच ते म्हणाले. घराची भिंत टेम्पोतच राहिली. कुलूप, बाज आणि कंदील एवढं घेऊन प्रयोग झाला. मधला बाजाराचा प्रवेश गाळला. अंधाराचा जो प्रवेश होता त्यासाठी अंधारच मिळाला नाही, कारण रंगमंच उघडा होता आणि बाजूच्या खाऊगल्लीचे दिवे थेट अंगावर येत होते. म्हातारीचं काम करणाऱ्या मुलीनं कंदील तोंडाजवळ धरला आणि पाठ त्या दिव्यांकडं केली. प्रयोग पोचला. पण बाजाराचा प्रवेश गेल्यानं मुलगा गाव का सोडतो हे त्या प्रेक्षकांना कळलं नाही, आणि ती खंत संचातल्या प्रत्येकाला अजून आहे.

म्हणून पहिली गोष्ट. महोत्सवाला जाणाऱ्या संहितेची मापं घरीच काढून ठेवा. पूर्ण प्रयोग, त्याच्या तीन चतुर्थांश आणि निम्मा. प्रत्येक मापात कुठला प्रवेश सुटतो, कुठलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जातं, एंट्री कुठून होते, हे लिहून त्याची खरीखुरी तालीम करा. निम्म्या मापाची तालीम घेताना दिग्दर्शकाला जिवावर येतं, लेखक रुसतो. तरी घ्या. ही तालीम केल्यावरच कळतं की नाटकाचा कणा कुठं आहे. आम्ही आता प्रत्येक नव्या नाटकाला हे करतो, आणि पुष्कळदा असं होतं की निम्म्या मापात जे सुटलं ते पूर्ण प्रयोगातही नको होतं. साठ मिनिटांची वेळ असेल तर तालमीत नाटक चाळिसाच्या पुढं जाऊ देऊ नका. हशा, टाळ्या, उशिरा आत येणारे लोक, सगळे मिनिटं खातात.

सेटचंही असंच. गावाकडं आठ फुटी फ्लॅट उभे करायची सवय असते. छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात आठ फूट बसत नाहीत, बाहेर डोकावतात, रस्त्यात हादरे बसून सांधे निघतात. सहा फुटांच्या वर काही नको. उंची हवी तर वरचा तुकडा बिजागरीनं जोडा आणि उलगडा. प्रत्येक तुकड्याला नंबर, प्रत्येक नटाच्या नावावर एक तुकडा. सेट दहा मिनिटांत उभा आणि पाचात गोळा झाला पाहिजे, आणि हे घड्याळ लावून, अनोळखी मैदानात, रात्री करून बघायचं. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी सेट कमी करायचा, माणसं वाढवायची नाहीत.

कमी सेट म्हणजे कमी नाटक असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच रंगभूमीकडं बघावं. 1842 मध्ये उत्तर कन्नड भागातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली. त्यांच्याकडं जे होतं ते अंगावर होतं: सोंगं, गाणं, नाच. तो खेळ पाहूनच सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं आणि 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. कन्नड मुलखातून चालत आलेल्या मंडळींनी मराठी नाटकाला सुरुवात करून दिली, याचा आम्हा सीमेवरच्या माणसांना फार आनंद आहे. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात झाला. त्यात ओळीनं उभे राहून डुलणारे ब्राह्मण हाच पडदा, हीच भिंत. ते नाटक 1980 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेलं तेव्हा तो पडदा नटांबरोबर विमानात बसून गेला. दिग्दर्शक जब्बार पटेलांच्या त्या बांधणीत सौंदर्य आहेच, शिवाय प्रवासाची मोठी सोय आहे, आणि महोत्सवाला निघालेल्या संचानं ती सोय आधी पाहावी.

एडिंबरोचा फ्रिंज महोत्सव आज जगातला सगळ्यात मोठा मानतात. तो 1947 मध्ये सुरू झाला तो आठ संच आमंत्रण नसताना तिथं पोचले आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करून मोकळे झाले म्हणून. तिथं आजही एकाच खोलीत दिवसभर एकामागून एक नाटकं होतात आणि मधल्या मोजक्या मिनिटांत एकाचा सेट जाऊन दुसऱ्याचा येतो. म्हणजे आमच्यावर जी वेळ आली ती काही अन्यायाची नव्हती. मोठ्या महोत्सवाची जातच ती आहे. आपल्याकडं काळा घोडा, पणजीचा सेरेंडिपिटी, दिल्लीचा भारत रंग महोत्सव, प्रत्येकाचं स्वरूप वेगळं, सोयी वेगळ्या. बंद नाट्यगृह, चौक, जुनी इमारत, बाग, यांतलं काय आपल्या वाट्याला येणार हे लेखी विचारा. रंगमंचाचं माप, विंगा किती, मागून जायला वाट आहे का, शेजारच्या मंचावर त्याच वेळी काय आहे, प्रयोगाच्या आधी आणि नंतर कोण आहे. शेजारी ढोल असेल आणि तुमच्या नाटकात मौन असेल तर वेळ बदलून मागा. आधी मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं.

उघड्या मंचावर संध्याकाळी प्रयोग असेल तर सूर्य कधी मावळतो ते बघा. आणि जुन्या किल्ल्यात, वाड्यात प्रयोग असेल तर एक वेगळं भान लागतं. आमच्या बीदरच्या किल्ल्यात बीदर उत्सव भरतो, तो बहमनी काळातला किल्ला संरक्षित स्मारक आहे. अशा ठिकाणी 1958 च्या कायद्यानं जमीन खणता येत नाही, भिंतीला खिळा मारता येत नाही. खांब रोवता येत नाही म्हणून सेट स्वतःच्या वजनावर उभा राहिला पाहिजे. वाळूच्या पिशव्या घरून नेऊ नका, रिकामी पोती न्या आणि वाळू कुठं मिळेल ते आधी विचारून ठेवा. वारा आला की कापडी फ्लॅट शिडासारखा फुगतो.

प्रकाशयोजनेचं क्यू शीट मराठी वाक्यांत लिहू नका. बोर्डावर बसलेला माणूस तमिळ असेल, बंगाली असेल. आकड्यांत लिहा: क्यू 7, डावा पुढचा स्पॉट, इतके सेकंद, आणि शेजारी कुठल्या हालचालीवर. हालचाल भाषा न कळणाऱ्यालाही दिसते. शक्य असेल तर क्यू देणारा आपला माणूस त्याच्या शेजारी बसवा, आणि त्याला प्रयोगात दुसरं काम देऊ नका. उपशीर्षकं दाखवायची असतील तर तो आणखी एक माणूस. त्याला नाटक तोंडपाठ हवं. जत्रेतला नट भरात आला की पदरची वाक्यं घालतो आणि मग पडद्यावरची ओळ एकीकडं, नट दुसरीकडं. कन्नड प्रेक्षकांपुढं जाताना मात्र आमच्या भागातल्या संचाकडं एक ठेवा आहे, तो वापरा. आमच्या घरांत, बाजारात दोन्ही भाषा चालतात. म्हातारी आपल्या शेजारणीशी कन्नडमध्ये बोलली तर ते ओढूनताणून आणलेलं वाटत नाही, कारण ती खरंच तशी बोलते.

आता कागदांविषयी, कारण चांगली नाटकं इथं अडकतात.

जत्रेत नाटक फुकट असतं. प्रतिमुद्राधिकाराच्या 1957 च्या कायद्यातल्या कलम 52 नुसार हौशी मंडळानं पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, केलेल्या प्रयोगाला सूट आहे. त्यामुळं गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या कुणी लेखकाची परवानगी विचारली नाही. महोत्सवात तिकीट लागलं की ती सूट संपते. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क त्याच्याकडं किंवा वारसांकडं असतो. लेखी परवानगी आणि मानधन, दोन्ही तालमीआधी उरका. पार्श्वसंगीतात सिनेमाचं गाणं वाजवत असाल तर त्याचाही परवाना लागतो. आपल्या गोंधळ्याचं, आपल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचं संगीत वापरा, त्याचा हक्क कुणा एकाकडं नाही, आणि गाणाऱ्यांना त्याचे पैसे द्या.

सीमा ओलांडून महाराष्ट्रात प्रयोग करायचा असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. कर्नाटकातल्या संचांना हे बहुधा ऐन वेळी कळतं. संहिता स्वच्छ टाइप करून लवकर पाठवा, आणि प्रमाणपत्राची प्रत दिग्दर्शकाच्या पिशवीत ठेवा.

निवडीसाठी मोठे महोत्सव बहुतेक पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण मागतात. लग्नाचा शूटिंगवाला बोलावला की तो चेहऱ्यांवर झूम करतो, फुलं टाकतो. एकच कॅमेरा, मधोमध, पूर्ण रंगमंच दिसेल असा, न तोडता. आवाजासाठी वेगळा माइक मंचाजवळ. बंद खोलीत, दिवस उतरल्यावर केलेलं साधं चित्रीकरण निवड समितीला नाटक दाखवतं.

मानधन महोत्सव संपल्यावर येतं, आणि ते संस्थेच्या खात्यावर येतं. संच नोंदणीकृत नसेल, संस्थेचं पॅन नसेल, तर कुणा एकाच्या नावावर पैसे येतात, कर कापला जातो आणि मग गावात वाटणीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. चांगले संच मी यावर मोडलेले पाहिले आहेत. जाण्याआधीच कागदावर लिहा: टेम्पोचं भाडं किती, जेवण किती, शेतीच्या रोजावर पाणी सोडून येणाऱ्या नटाला किती, उरलं तर पुढच्या नाटकाला किती. सगळ्यांच्या सह्या घ्या, मामांचीही.

आणि टेम्पोच्या चालकाचं बघा. प्रयोग रात्री दहाला संपतो, सेट भरायला अकरा होतात, पोरं आनंदात असतात आणि म्हणतात, लगेच निघू, सकाळी गावात. चालक मात्र पहाटेपासून जागा असतो आणि प्रयोगाच्या वेळी त्यानं डोळा लावलेला नसतो, कारण तोही विंगेतून बघत असतो. मुक्कामाची सोय महोत्सवाकडून एक रात्र जास्त मागून घ्या. ती आधी मागितली तर मिळते. नाहीच मिळाली तर धर्मशाळेचे पैसे खर्चात धरा, आणि सकाळी चहा पिऊन निघा.