शरदातील डोंगरवाटा आणि घामाचा हिशेब

दसरा झाला की अलिबाग परिसरातील मंडळींचे पाय डोंगराकडे वळू लागतात. पावसाळ्यातील चिखल आणि शेवाळ सुकलेले असते, गवत पिवळे पडू लागलेले असते आणि हवा स्वच्छ असल्याने दूरवरचे दिसते. सागरगडाच्या माथ्यावरून कुलाबा किल्ला, खांदेरी-उंदेरी आणि पसरलेला समुद्र पाहताना चढणीचे श्रम विसरायला होतात. कोणी कनकेश्वराच्या पायऱ्या चढतो, कोणी रेवदंड्याच्या खाडीमुखाशी असलेल्या कोर्लईच्या किल्ल्यावर जातो. ‘पाऊस संपला, आता डोंगर सुरक्षित’ असे आपण म्हणतो. निसरड्या वाटेपुरते ते खरे आहे. उन्हाच्या बाबतीत मात्र आपली फसगत होते.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या मध्यास, दुपारी दोनच्या सुमारास, एका सतरा वर्षांच्या मुलाला जीपमधून माझ्या दवाखान्यात आणले. चौघे मित्र सकाळी दहा वाजता खंडाळ्याहून सागरगडाकडे निघाले होते. पोटात फक्त चहा, आणि चौघांत मिळून पाण्याच्या दोन बाटल्या. परत उतरताना हा मुलगा अडखळू लागला आणि ‘माझी सायकल कुठे आहे?’ असे विचारू लागला. सायकल कोणीच आणली नव्हती. तो चेष्टा करतो आहे असे समजून मित्र हसले. पायथ्याशी येईपर्यंत तो कोसळला. तेथील एका बाईने त्याला सावलीत घेऊन दोन हंडे पाणी अंगावर ओतले आणि पदराने वारा घातला. माझ्याकडे आला तेव्हाही ताप १०४ अंश फॅरेनहाइट होता. ओल्या चादरी, पंखा आणि सलाईन सुरू करून त्याला इस्पितळात हलवले. मूत्रपिंडांवर ताण पडला होता, पण मुलगा वाचला. त्याला वाचवण्यात माझ्यापेक्षा त्या दोन हंड्यांचा वाटा मोठा, असे मी आजही मानतो.

असे का होते?

चढताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातील सुमारे पाऊण हिस्सा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. किनारपट्टीच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, थंडावा मात्र मिळत नाही. भर उन्हात चढणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटर किंवा अधिक घाम सहज जातो. त्यातच पावसाळ्याचे चार महिने ढगाळ हवेत काढल्यामुळे शरीराची उन्हाची सवय मोडलेली असते. ती पुन्हा लागायला एक ते दोन आठवडे लागतात.

निघण्यापूर्वी

१. पहाटे निघावे व दहाच्या आत खाली उतरण्याच्या बेताने वेळ ठरवावी.

२. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे. ते एकदम न पिता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे प्यावे.

३. नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातील मीठ कमी होऊ शकते. म्हणून जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालावे. लिंबू चालेल.

४. उपाशीपोटी जाऊ नये. सुती, सैल कपडे व टोपी वापरावी.

५. ताप किंवा जुलाब नुकतेच होऊन गेले असतील तर बेत पुढे ढकलावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, परस्पर बंद करू नये.

धोका कसा ओळखावा?

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना. येथेच थांबावे, सावलीत पाय उंच करून निजावे, मीठ-साखरेचे पाणी प्यावे. बरे वाटले तरी पुढे न चढता, ऊन कलल्यावर उतरावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, विनाकारण चिडू लागला, तर तो उष्माघात समजावा. ‘अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे. श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम येत असू शकतो. अशा वेळी आधी थंड करावे, मग हलवावे. कपडे सैल करून मिळेल ते पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघा यांवर ओले फडके ठेवावे. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या गोळीचाही येथे उपयोग नाही.

चाळिशी उलटलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. चढताना छातीत दडपण येते आणि थांबले की जाते, याला ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नका. ती हृदयाची तक्रार असू शकते. तेथूनच सावकाश परत फिरावे आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे. थांबूनही दडपण गेले नाही तर चालू नये, मदत मागवावी.

सोबत्यांपैकी एकाला बरे वाटत नसेल तर सगळ्यांनीच परत फिरावे. त्याला ‘इथेच बस, आम्ही वर जाऊन येतो’ असे सांगून एकटे ठेवू नये. त्या मुलाच्या मित्रांना मी एवढेच म्हणालो, ‘अरे, सागरगड कुठे पळून जाणार होता का?’ पुढच्या वर्षी डिसेंबरात ते चौघे पुन्हा गेले. पहाटे साडेपाचला निघाले आणि न्याहारीला घरी परतले.